गृहकर्ज मुदतीआधी फेडून घर बदलताना: पात्रता, कागदपत्रे आणि बोजा उतरवण्याची प्रक्रिया

गृहकर्ज मुदतीआधी फेडणाऱ्यांचे काम पैसे भरण्याच्या खिडकीवर सहसा अडत नाही, कारण पैसे घ्यायला कोणाचीच ना नसते. अडते ते त्यानंतर. खाते बंद झालेले दिसत नाही, मूळ कागदांच्या गठ्ठ्यातला एक कागद सापडत नाही, सहकर्जदार परगावी असतो, आणि सातबाऱ्यावरचा किंवा सोसायटीच्या नोंदवहीतला बोजा जागचा हलत नाही. जुने घर विकून नव्या घराचा व्यवहार करायला निघालेल्या माणसाला हे सारे कळते तेव्हा नोंदणीची तारीख ठरलेली असते आणि हातात जेमतेम आठवडा उरलेला असतो. पुढील माहिती महाराष्ट्रातील घरमालकांसाठी आहे आणि तिचा भर मुद्दामच अशा अडणाऱ्या जागांवर ठेवला आहे.

आधी पात्रतेचे पाहू. वैयक्तिक नावावर, राहण्याच्या घरासाठी, बदलत्या व्याजदराने घेतलेले कर्ज मुदतीआधी फेडल्याबद्दल बँकेला दंड लावता येत नाही. रिझर्व्ह बँकेने बँकांना ही मनाई 2012 मध्येच केली आहे. 2 जुलै 2025 रोजी तिने याविषयी एकत्रित निर्देश काढले. 1 जानेवारी 2026 पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या कर्जांना ते लागू आहेत, आणि पैसे कोठून आणले, पूर्ण फेड की अंशतः, किमान किती महिने हप्ते भरले, यांपैकी कोणत्याही कारणाने अशा कर्जावर शुल्क घेता येणार नाही, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. स्थिर दराच्या कर्जाचे तसे नाही. तेथे मंजुरीपत्रात काय लिहिले आहे ते पाहावे लागते. घोटाळा होतो तो पहिली काही वर्षे स्थिर आणि पुढे बदलता दर असलेल्या कर्जांत. या नव्या निर्देशांनुसार फेडीच्या दिवशी कोणता दर चालू आहे, यावर शुल्काचा निर्णय होतो. त्यामुळे स्थिर दराचे दोन-तीन महिनेच उरले असतील, तर तेवढे थांबण्यात शहाणपण आहे.

पहिला अर्ज फोरक्लोजर स्टेटमेंटसाठी, म्हणजे कर्ज पूर्ण बंद करायला एकूण किती रक्कम लागेल हे सांगणाऱ्या पत्रकासाठी करायचा. कर्ज खात्याचा क्रमांक, कर्जदाराची सही, ओळखपत्र आणि कोणत्या तारखेला फेडणार ती तारीख, एवढे त्यात पुरते. यातला शेवटचा तपशील लोक सर्वांत हलक्यात घेतात. स्टेटमेंटवरची रक्कम त्या तारखेपुरतीच खरी असते, कारण व्याज रोज चढते. वीस लाख रुपये मुद्दल शिल्लक असेल आणि दर 9 टक्के असेल, तर एका दिवसाचे व्याज सुमारे 493 रुपये होते. शुक्रवारच्या तारखेचे स्टेटमेंट घेऊन त्याच दिवशी चेक दिला आणि तो मंगळवारी वटला, तर खात्यावर जवळपास दोन हजार रुपये शिल्लक राहतात. शाखेतून फोन येईलच असे नाही. तीन महिन्यांनी कागद मागायला गेल्यावर कर्ज अजून चालूच आहे, असे थंडपणे सांगितले जाते. म्हणून चेक टाळून आरटीजीएसने थेट कर्ज खात्यात रक्कम भरावी, हप्त्याच्या तारखेच्या अगदी तोंडावरचा दिवस निवडू नये, आणि दुसऱ्या दिवशी शिल्लक शून्य दाखवणारा खातेउतारा मागून घ्यावा. हप्ता कापण्याची सूचना आधीच पुढे गेली असेल, तर पूर्ण रक्कम भरूनही हप्ता कापला जाऊ शकतो. ते पैसे परत मिळतात, पण मागावे लागतात.

शिल्लक शून्य असूनही खाते बंद न होण्याची आणखी दोन कारणे आहेत. घराच्या त्याच तारणावर पुढे टॉप-अप म्हणजे वाढीव कर्ज घेतलेले असते, किंवा कर्जविम्याचा हप्ता वेगळ्या छोट्या कर्ज खात्यात घातलेला असतो, आणि त्या दुसऱ्या खात्याचा कर्जदाराला पुरता विसर पडलेला असतो. मुख्य कर्ज फिटले तरी हे खाते उघडे असेपर्यंत बँक कागद सोडत नाही. त्यामुळे स्टेटमेंट मागताना या तारणावरील सर्व खात्यांची मागणी अर्जातच लिहावी. ओव्हरड्राफ्ट पद्धतीचे गृहकर्ज असेल, तर त्यात पैसे भरल्याने शिल्लक शून्यावर येते, पण पुन्हा पैसे काढण्याची मर्यादा जिवंत राहते. ती रद्द करण्याचा अर्ज वेगळा द्यावा लागतो.

आता त्या प्रसिद्ध तीस दिवसांबद्दल. रिझर्व्ह बँकेने 13 सप्टेंबर 2023 रोजी काढलेल्या परिपत्रकानुसार कर्जाची पूर्ण फेड झाल्यापासून 30 दिवसांत मूळ कागदपत्रे परत देणे आणि कोणत्याही निबंधकाकडे नोंदवलेला बोजा काढणे ही कर्ज देणाऱ्या संस्थेची जबाबदारी आहे. संस्थेच्या चुकीने उशीर झाल्यास दर दिवसाला 5,000 रुपये भरपाई तिने कर्जदाराला द्यायची आहे. 1 डिसेंबर 2023 पासून मोकळ्या होणाऱ्या कागदपत्रांना हा नियम लागू आहे. यातील दिवस मोजताना मात्र बहुतेक जण चुकतात. ते चेक दिल्याच्या किंवा फोरक्लोजरचा अर्ज केल्याच्या तारखेपासून दिवस मोजतात. नियम पूर्ण फेडीपासून मोजतो. वर सांगितलेले दोन हजार रुपये शिल्लक असतील, तर तुमचा पहिला दिवस अजून उजाडलेलाच नाही. शून्य शिल्लक दाखवणारा उतारा हवा तो याचसाठी.

दुसरी गफलत खिडकीपलीकडची असते. परिपत्रकाच्या शीर्षकात वैयक्तिक कर्ज असा शब्दप्रयोग आहे, आणि तेवढाच वाचून काही कर्मचारी हा नियम गृहकर्जाला नाही, असे ठामपणे सांगतात. रिझर्व्ह बँकेच्या व्याख्येत वैयक्तिक कर्जांमध्ये घर बांधण्यासाठी किंवा घेण्यासाठी दिलेली कर्जे स्पष्टपणे येतात. वाद घालण्याऐवजी ही गोष्ट अर्जातच एका वाक्यात लिहावी आणि परिपत्रकाची प्रत सोबत जोडावी. छापील कागदासमोर आवाज खाली येतो, हा अनेकांचा अनुभव आहे. व्यापारी बँका, नागरी सहकारी बँका, जिल्हा मध्यवर्ती बँका, वित्त कंपन्या आणि गृहवित्त कंपन्या या सर्वांना परिपत्रक लागू आहे. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत, त्यामुळे पतसंस्थेकडून घेतलेल्या कर्जासाठी हे पाच हजार रुपये गृहीत धरू नयेत. तेथे दाद सहकार खात्याच्या निबंधकाकडे मागावी लागते.

कागद परत घेताना कर्जदाराकडे एक कागद असायलाच हवा आणि नेमका तोच कोणाकडे नसतो. कर्ज घेताना जमा केलेल्या मूळ कागदपत्रांची, बँकेच्या शिक्क्याची यादी म्हणजे तो कागद. ही यादी हरवली असेल तर पैसे भरण्याआधीच बँकेकडून मागून घ्यावी, कारण फेड झाल्यावर तुमचे अर्ज वाचायची घाई कोणालाच नसते. मग गठ्ठा समोर आला की तो काउंटरवरच सोडवावा. बिल्डरबरोबरचा नोंदणीकृत करारनामा आहे का, त्याच्या पानांवरील नोंदणी कार्यालयाचे क्रमांक एकापुढे एक जुळतात का, मूळ नोंदणी पावती आहे का, इंडेक्स टू म्हणजे नोंदणी कार्यालयाने दिलेला दस्ताचा गोषवारा आहे का, आणि घर दुसऱ्या हाताने घेतले असेल तर आधीच्या मालकांच्या करारांची पूर्ण साखळी आहे का, हे एकेक करून यादीवर खूण करत पाहावे. सगळ्यांत जास्त वेळा गायब असते ती नोंदणी पावती: एक सुटे, पातळ पान, टाचणी निघाली की दुसऱ्याच कोणाच्या फाइलमध्ये जाऊन बसते. मागे रांग खोळंबली आहे म्हणून पोच आधी सही करून देऊ नये. मिळालेल्या कागदांची पोच म्हणजे सगळे मिळाल्याची कबुली, आणि नंतर पावती नाही म्हणून परत गेलात तर तीच सही तुमच्यासमोर ठेवली जाईल.

कागद बँकेकडूनच हरवला असेल, तर त्याची दुसरी प्रत किंवा प्रमाणित नक्कल मिळवून देण्यास मदत करणे आणि त्याचा खर्च सोसणे ही बँकेची जबाबदारी असून त्यासाठी तिला आणखी 30 दिवस मिळतात. म्हणजे अशा प्रकरणात रोजच्या भरपाईचा हिशोब 60 दिवसांनंतर सुरू होतो. कागद हरवल्याचे बँकेकडून लेखी घ्यावे. पुढच्या खरेदीदाराचा वकील ते हमखास मागतो.

घर बदलणाऱ्यांना एक खास अडचण येते. बँकेच्या नोंदीत पत्ता जुन्या घराचा असतो आणि कागद तयार असल्याचे पत्र त्या घरी जाते, जिथे आता दुसरेच कुटुंब राहते. फक्त पत्ता बदलला असेल तर स्वतःचे लेखी घोषणापत्र देऊन तो बदलता येतो आणि बँकेने दोन महिन्यांत त्याची खातरजमा करायची असते, असा केवायसीचा नियम आहे; तरीही आधार नव्या पत्त्याचे करून आणा, मग पाहू, असे उत्तर मिळते. दोन्ही कामे एकमेकांवर अडवून ठेवण्यापेक्षा फोरक्लोजरच्या अर्जाबरोबरच पत्त्याचे घोषणापत्र द्यावे, त्याची पोच घ्यावी आणि मोबाइल क्रमांक बदललेला नाही ना, हे पाहावे. दूर गावी गेला असाल तर कागद कर्ज चालवणाऱ्या शाखेतून घ्यायचे की ते जेथे उपलब्ध आहेत अशा बँकेच्या दुसऱ्या कार्यालयातून, हे निवडण्याचा हक्क तुम्हाला त्याच परिपत्रकाने दिला आहे.

कर्ज संयुक्त असेल तर कागद घेताना बँका सहसा सर्व कर्जदारांची हजेरी मागतात. एक जण परदेशात असल्यास कुलमुखत्यारपत्र करून पाठवण्यात आठवडे जातात, म्हणून ते फेडीच्या आधीच तयार ठेवावे. कर्जदाराचा मृत्यू झाला असेल तर वारसांना कागद कसे दिले जातील याची कार्यपद्धती प्रत्येक संस्थेने ठरवून आपल्या संकेतस्थळावर ठेवायची आहे. ती छापून नेली की निम्म्या फेऱ्या वाचतात.

नो ड्यूज पत्र, म्हणजे देणे बाकी नसल्याचे बँकेचे पत्र हाती आले की बोजा उतरवण्याचे काम सुरू होते, आणि बोजा एकाच ठिकाणी नसतो. पहिले ठिकाण म्हणजे सरसाई, तारण ठेवलेल्या मालमत्तांची केंद्रीय नोंदवही. तेथील नोंद बँकेनेच बंद करायची असते, पण ती झाली का हे किरकोळ शुल्क भरून स्वतः शोधता येते. नोंदणीकृत गहाणखत झाले असेल तर गहाण सोडल्याचा दस्तही नोंदवावा लागतो, आणि त्यासाठी बँकेच्या अधिकाऱ्याला दुय्यम निबंधकाकडे आणणे हे सगळ्या प्रक्रियेतले सर्वांत चिकाटीचे काम आहे. बहुतेक फ्लॅटधारकांनी मात्र मूळ कागद ठेवून गहाण दिलेले असते. 1 एप्रिल 2013 पासून अशा गहाणाची सूचना नोंदणी कार्यालयात दाखल करावी लागते. पुढच्या खरेदीदाराच्या वकिलाच्या शोधात ही सूचना दिसते आणि तिला उत्तर म्हणून नो ड्यूज पत्राची मूळ प्रतच लागते, त्यामुळे ते पत्र लॅमिनेट न करता जपावे.

स्वतंत्र घर किंवा प्लॉट असेल तर सातबाऱ्याच्या इतर हक्कात बँकेचे नाव असते. ते कमी करण्याचा अर्ज ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीतून किंवा तलाठ्याकडे करता येतो. त्यावर फेरफार घेतला जातो, हरकतीसाठी 15 दिवसांची नोटीस निघते आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. येथे अर्ज परत येण्याचे कारण जवळजवळ नेहमी एकच असते. बँकेच्या पत्रात फक्त कर्ज खाते क्रमांक असतो. गावाचे नाव, गट क्रमांक आणि बोज्याचा मूळ फेरफार क्रमांक नसतो. तलाठ्याला त्या पत्राचा उपयोग नाही आणि बँकेला दुसरे पत्र देण्याचा कंटाळा आहे, या दोघांच्या मध्ये अर्जदार हेलपाटे घालतो. बँकेत जातानाच सातबारा सोबत न्यावा आणि हे तिन्ही तपशील पत्रात घालून घ्यावेत. मिळकत पत्रिका असलेल्या शहरी भागात हाच अर्ज नगर भूमापन कार्यालयात जातो.

घर कर्जासकट विकायचे असेल तर खरेदीदाराची बँक तुमच्या बँकेला थेट रक्कम देते आणि त्यासाठी फोरक्लोजर स्टेटमेंट व कागदांची यादी आधी मागते. स्टेटमेंटची तारीख त्या बँकेच्या वाटपाच्या दिवसाशी जुळवून घ्यावी. नव्या घरासाठी पुन्हा कर्ज घेणार असाल तर जुना हप्ता पात्रतेत धरला जाऊ नये म्हणून नो ड्यूज पत्र लगेच जोडावे. पतअहवालात कर्ज चालूच दिसत असेल तर लेखी तक्रार करावी. तिचे निवारण 30 दिवसांत न झाल्यास दर दिवसाला 100 रुपये भरपाईची तरतूद आहे. आणखी एक गोष्ट विकणाऱ्यांना उशिरा कळते: घराचा ताबा मिळाला त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांच्या आत घर विकले, तर मुद्दलाच्या फेडीवर घेतलेली प्राप्तिकराची वजावट विक्रीच्या वर्षात उत्पन्न म्हणून परत धरली जाते.

सोसायटीचे काम शेवटी राहते आणि तेच विसरले जाते. कर्ज घेताना सोसायटीने बँकेचा बोजा आपल्या नोंदवहीत लिहिलेला असतो, तर कधी शेअर सर्टिफिकेटच बँकेकडे असते. इमारत नवी असताना कर्ज घेतले असेल तर तेव्हा सोसायटी स्थापन झालेली नसते. ते सर्टिफिकेट पुढे कधीतरी निघून सचिवांच्या कपाटात पडून असते आणि ना बँकेच्या यादीत असते, ना मालकाच्या घरात. नो ड्यूज पत्राची प्रत देऊन बोजा काढल्याचे सोसायटीकडून लेखी घ्यावे आणि सर्टिफिकेट त्याच दिवशी ताब्यात घ्यावे, कारण समिती बदलली की कपाटाची किल्ली कोणाकडे आहे इथपासून चौकशी सुरू होते.

तीस दिवस उलटूनही कागद मिळाले नाहीत, तर आधी संस्थेकडेच पोच घेऊन लेखी तक्रार द्यावी आणि तिला 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तिच्या सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवरून तक्रार नोंदवावी (गृहवित्त कंपनीविरुद्धची तक्रार मात्र राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेकडे जाते). त्यासाठी वकील लागत नाही आणि शुल्कही नाही. शून्य शिल्लक दाखवणारा उतारा, कागदांची यादी आणि पोच असलेला अर्ज, हे तीन कागद मात्र लागतात.