संस्थेत एचआर पॉलिसी (स्टाफचे लेखी नियम) करायचीय? आधी माणसं मोजा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात सामाजिक संस्था भरपूर, आणि कुणालाही विचारा, "आमच्याकडं नोकर नाहीत हो, कार्यकर्ते आहेत, मानधन देतो." पण रोज हजेरी लावून महिन्याला ठरलेले पैसे घेणारा माणूस कायद्याला कर्मचारीच दिसतो, व्हाउचरवर मानधन लिहिलं म्हणून सुटका होत नाही.

म्हणून पहिलं काम मोजणी, पार्ट टाइमवाले पण धरायचे. १० झाले की ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम), २६ आठवड्यांची बाळंतपणाची पगारी रजा आणि ईएसआय म्हणजे कर्मचाऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा (महिना २१,००० पर्यंत पगारवाल्यांना, पगारातून त्यांचे ०.७५ टक्के, संस्थेचे ३.२५) लागतं. २० झाले की पीएफ (भविष्य निर्वाह निधी), कर्मचारी आणि संस्था दोघांकडून १२-१२ टक्के.

१० लाच पॉश कायदा २०१३ (कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणारा) ची अंतर्गत समिती पण करावी लागते, आणि घोळ इथंच होतो. अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी, किमान दोन सदस्य स्टाफमधले, एक बाहेरचा, निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत. बाहेरचा म्हणजे महिलांच्या प्रश्नावर काम केलेला माणूस, सेक्रेटरींच्या वहिनी नव्हेत! तक्रार ३ महिन्यांत द्यायची, चौकशी ९० दिवसांत संपवायची. १० पेक्षा कमी माणसं असली तरी कायदा आहेच, तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाते.

मग ड्राफ्ट. नेटवरची पुण्या-मुंबईची कॉपी उचलू नका, तिथं खानापूरच्या जंगलातली गावं नसतात, शेवटची बस चुकली तर फिरतीवर गेलेल्या मॅडमनी मुक्काम कुठं करायचा, खर्च कोण देणार, पेट्रोल किलोमीटरमागं किती, हे तुम्हालाच लिहायचंय. त्याशिवाय भरती, रजा, नोटीस पीरियड, अ‍ॅडव्हान्स, प्रोजेक्ट संपल्यावर नोकरीचं काय, आणि मुलांसोबत काम असेल तर बालसुरक्षा.

ड्राफ्ट कार्यकारिणीत ठेवून ठराव करा, ट्रस्ट असेल तर विश्वस्तांचा, लागू तारीख आणि सहीचा अधिकार कुणाला ते वहीत स्पष्ट लिहा. पीएफ-ईएसआयच्या ऑनलाइन नोंदणीला संस्थेचं रजिस्ट्रेशन, पॅन, पत्त्याचा पुरावा, कॅन्सल चेक, सही करणाऱ्याचं डिजिटल सिग्नेचर आणि स्टाफची आधार, बँक खातं, जॉइनिंग तारीख, पगारासकट यादी तयार ठेवा. आधारवर एक नाव, पासबुकात दुसरं, हे आपल्याकडं कन्नड-मराठी स्पेलिंगमुळं हमखास होतं, ते आधीच जुळवून घ्या.

पॉलिसी मराठी आणि कन्नड दोन्हीत काढा, नुसती इंग्रजी फाइल कपाटात राहते. प्रत्येकाला एक कॉपी द्या आणि मिळाल्याची सही त्याच्या फाइलला लावा.