लिगामेंट फाटले म्हणजे ऑपरेशनच का?

धावता धावता अचानक दिशा बदलली, पाऊल जमिनीत रुतून राहिले, वरचे धड वळले आणि गुडघ्यात 'कट्' असा आवाज झाला. खेळ तिथेच थांबला आणि दोन तासांच्या आत गुडघा टम्म फुगला. एवढ्या हकिकतीवरूनच अनुभवी अस्थिरोगतज्ज्ञाच्या मनात एसीएलचे नाव येते. हे गुडघ्यातले एक लिगामेंट, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणारा चिवट पट्टा. सूज किती वेळात आली, हा प्रश्न तो मुद्दाम विचारतो. पहिल्या दोन-चार तासांत आलेली सूज म्हणजे बहुधा सांध्यात झालेला रक्तस्राव. दुसऱ्या दिवशी हळूहळू चढलेली सूज असेल, तर सांध्यात पाणी साचले असण्याची शक्यता अधिक आणि संशय दोन हाडांमधल्या गादीकडे वळतो.

खुब्याच्या सांध्यात हाडाचा गोळा खोल खोबणीत बसलेला असतो. गुडघ्यात तशी सोय नाही. मांडीच्या हाडाची दोन गोल टोके नडगीच्या जवळजवळ सपाट माथ्यावर टेकलेली असतात आणि त्यांना जागेवर ठेवण्याचे काम लिगामेंट व स्नायू करतात. मुख्य लिगामेंट चार. सांध्याच्या मधोमध एकमेकांना छेदून जाणारी दोन: नडगी पुढे सरकू न देणारे आणि वळताना गुडघ्याला आवरणारे एसीएल, आणि नडगी मागे जाऊ न देणारे पीसीएल. आतल्या कडेला एमसीएल, बाहेरच्या कडेला एलसीएल. दोन हाडांच्या मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात, त्यांना मेनिस्कस म्हणतात. लिगामेंटच्या दुखापतीत पुष्कळदा त्यांनाही इजा होते आणि दूरचा विचार केला तर गुडघ्याचे भवितव्य बरेचसे या गाद्यांवरच ठरते.

रिपोर्टमध्ये 'टेअर' (फाटणे) हा शब्द दिसला की घरात ऑपरेशनची चर्चा सुरू होते. पण कोणते लिगामेंट फाटले, हे पाहिल्याशिवाय त्या चर्चेला अर्थ नाही. एमसीएल सांध्याच्या पोकळीबाहेर असते, त्याला रक्तपुरवठा चांगला असतो आणि आजूबाजूच्या ऊतींचा आधार मिळतो. त्यामुळे ते बहुतेक वेळा आपले आपण जुळते. थोडे ताणले असेल तर एक ते तीन आठवडे, अर्धवट फाटले असेल तर चार ते सहा, आणि पूर्ण फाटले असेल तर बिजागरीचा ब्रेस लावून साधारण आठ ते बारा आठवडे. गंमत अशी, की अर्धवट फाटलेले एमसीएल पूर्ण फाटलेल्यापेक्षा जास्त दुखू शकते, कारण उरलेल्या तंतूंवर ताण येत राहतो. दुखणे कमी म्हणून इजा कमी, असा हिशेब गुडघ्यात चालत नाही.

एसीएलचे नशीब वेगळे. लांबी सुमारे तीन सेंटीमीटर, रुंदी एक सेंटीमीटरच्या आसपास, आणि जागा थेट सांध्याच्या आत. तिथल्या द्रवात रक्ताची गुठळी टिकत नाही. तुटलेली टोके एकमेकांपासून दूर होतात आणि जखम भरायला लागणारा पूल तयारच होत नाही. काही रुग्णांत एसीएल पुन्हा जुळल्याचे एमआरआयमध्ये दिसते, हे खरे. पण कोणाचे जुळेल हे आधी सांगता येत नाही. फाटलेली टोके नुसती शिवून टाकण्याचे निकाल पूर्वी निराशाजनक आले, म्हणून आज बहुतेक ठिकाणी दुसरीकडचा स्नायुबंध (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) घेऊन नवे लिगामेंट बसवतात. या बसवलेल्या तुकड्याला ग्राफ्ट म्हणतात.

पीसीएलला मार बसतो तो वाकलेल्या गुडघ्यावर पडल्याने किंवा अपघातात नडगी गाडीच्या डॅशबोर्डवर आपटल्याने. एकटेच फाटले असेल तर मांडीच्या पुढच्या स्नायूला बळकट करून बहुतेकांचे निभावते. एलसीएल मात्र क्वचितच एकटे फाटते. त्याच्याबरोबर गुडघ्याचा मागचा-बाहेरचा कोपरा निकामी झाला असेल, तर शस्त्रक्रिया पहिल्या दोन-तीन आठवड्यांत करणे सोयीचे असते. पुढे ऊती एकमेकांना चिकटून ओळखू येईनाशा होतात. इथूनच जाणाऱ्या मज्जातंतूला इजा झाली तर पाऊल वर उचलता येत नाही. म्हणून पायाचा अंगठा वर ओढता येतो का, हे त्याच दिवशी पाहून ठेवावे.

एका प्रसंगात मात्र मिनिटे मोजावी लागतात. दोन-तीन लिगामेंट एकदम तुटून गुडघा निखळतो, कधी आपोआप जागेवरही येतो, आणि मागून जाणारी मुख्य रक्तवाहिनी फाटलेली किंवा बंद झालेली असू शकते. पाऊल गार, फिकट किंवा बधिर वाटत असेल तर बर्फ लावत बसू नये, थेट आपत्कालीन विभाग गाठावा. सहा ते आठ तासांत रक्तप्रवाह सुरू झाला नाही, तर पाय गमावण्याची वेळ येऊ शकते.

बाकी दुखापतींत पहिले दोन-तीन दिवस साधे असतात. पायावर भार कमी, कापडात गुंडाळलेला बर्फ एका वेळी १५ ते २० मिनिटे, इलॅस्टिक पट्टी, पाय छातीच्या पातळीपेक्षा वर. शेक आणि मालिश या काळात नको, त्याने रक्तस्राव वाढतो. एक चूक फार सर्रास दिसते: आराम वाटतो म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवणे. अशाने गुडघा वाकलेल्या अवस्थेत आखडतो आणि सरळ होण्याचे शेवटचे काही अंश परत मिळवताना घाम फुटतो. उशी ठेवायचीच तर टाचेखाली ठेवावी.

चार पावलेही टाकता येत नसतील, गुडघा ९० अंशांपर्यंत वाकत नसेल, वाटीवर किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूच्या छोट्या हाडावर दाबल्यावर दुखत असेल किंवा वय ५५ किंवा त्याहून जास्त असेल, तर हाड मोडले नाही ना हे पाहायला एक्स-रे काढतात. लिगामेंटचे निदान मात्र डॉक्टरांच्या हातांनी होते. लॅकमन चाचणीत गुडघा २० ते ३० अंश वाकवून, एका हाताने मांडी धरून दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढतात. शाबूत एसीएल शेवटी ताडकन अडवते. फाटलेले असेल तर नडगी पुढे सरकते आणि शेवट मऊ लागतो. नेहमी दोन्ही पाय तपासायचे, कारण काहींचे सांधे जन्मतःच सैल असतात. ताज्या दुखापतीत मांडीमागचे स्नायू आवळलेले असल्याने तपासणी फसू शकते. आठवडा-दहा दिवसांनी ती पुन्हा करावी. एमआरआयचा खरा उपयोग गाद्या आणि हाडांतर्गत इजा पाहायला होतो.

एसीएल पूर्ण फाटले, तरी निर्णय त्याच आठवड्यात घ्यायची घाई सहसा नसते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश चाचणीत १२१ तरुण, सक्रिय रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटावर लवकर शस्त्रक्रिया, दुसऱ्याला आधी पद्धतशीर व्यायाम आणि गरज भासली तरच शस्त्रक्रिया. दोन वर्षांनी दुखणे, खेळ आणि रोजच्या हालचाली यांचे गुण दोन्ही गटांत जवळपास सारखे निघाले. दुसऱ्या गटातल्या ५९ पैकी २३ जणांनी तोवर शस्त्रक्रिया करून घेतली होती. पाच वर्षांनी हे प्रमाण निम्म्यावर गेले. व्यावसायिक खेळाडू त्यात नव्हते, हे लक्षात ठेवायला हवे. उलट २०२२ च्या ब्रिटिश चाचणीत ३१६ रुग्ण असे होते, की ज्यांची दुखापत जुनी होती आणि गुडघा अजूनही सटकत होता. त्यांच्यात दीड वर्षानंतर शस्त्रक्रियेचा गट सरस ठरला.

या दोन्हींतून निघणारा अर्थ व्यवहारात असा लावता येतो. सरळ चालणे, पोहणे, सायकल एवढेच करायचे असेल आणि तीन महिन्यांच्या नेटाच्या व्यायामानंतर गुडघा सटकत नसेल, तर शस्त्रक्रियेशिवाय राहता येते. फुटबॉल, बास्केटबॉल, कबड्डी असे झटकन वळण्याचे खेळ खेळायचे असतील, किंवा जिना उतरतानाही गुडघा दगा देत असेल, तर ती करावी. सटकण्याकडे काणाडोळा करणे सर्वांत महागात पडते, कारण दर वेळी गादी आणि कूर्चा (हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण) थोडी थोडी चिरडत जाते. गादीचा तुकडा मध्ये अडकून गुडघा लॉक झाला असेल तर मात्र वाट पाहू नये.

शस्त्रक्रिया ठरली तरी सूज ओसरून गुडघा पूर्ण सरळ होईपर्यंत थांबतात. तापलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर घाईने हात घातला तर सांध्यात चिकटे तयार होऊन तो कायमचा जाम होण्याची भीती असते. दुर्बिणीतून होणाऱ्या या शस्त्रक्रियेत नडगीत आणि मांडीच्या हाडात बोगदे पाडून त्यांतून ग्राफ्ट ओवतात आणि स्क्रू किंवा धातूच्या छोट्या बटणाने अडकवतात. ग्राफ्ट बहुधा मांडीमागच्या दोन स्नायुबंधांचा, चार पदरी दुमडलेला. जाडी आठ मिलिमीटर किंवा अधिक भरावी अशी अपेक्षा असते. वाटीखालच्या स्नायुबंधाची दहा मिलिमीटरची पट्टी, दोन्ही टोकांच्या हाडांच्या तुकड्यांसह, हाडात लवकर मुरते. पण गुडघे टेकताना दुखण्याची तक्रार पुढे राहू शकते. वाटीच्या वरचा स्नायुबंधही वापरतात. दात्याचा ग्राफ्ट तरुण खेळाडूंत जास्त वेळा तुटतो. ग्राफ्ट कुठला, यापेक्षा बोगदा कुठे पाडला हे जास्त महत्त्वाचे: जागा काही मिलिमीटर चुकली तर गुडघा पूर्ण वाकत नाही किंवा ढिलाच राहतो. नडगीच्या पुढे-बाहेरच्या बाजूला त्वचेचा एक तुकडा बधिर राहतो, तो लहानशा मज्जातंतूमुळे. त्याने पायाच्या ताकदीवर परिणाम होत नाही. जंतुसंसर्ग क्वचित, सुमारे शंभरात एकापेक्षा कमी जणांना होतो. पण ताप, वाढती सूज आणि लाली दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, आणि पोटरी दुखून सुजली तर रक्ताच्या गुठळीचा संशय धरावा.

पुढचा भाग रुग्णाच्या हातात असतो, आणि फसगत इथेच होते. बसवलेला ग्राफ्ट आधी मरतो. त्यातल्या पेशी नाहीशा होतात, मग नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि हळूहळू तो लिगामेंटसारखा बनतो. साधारण दीड ते तीन महिन्यांच्या टप्प्यावर तो सर्वांत कमकुवत असतो. नेमके तेव्हाच दुखणे थांबलेले असते, सूज उतरलेली असते आणि मैदान खुणावू लागते.

पहिल्या दोन आठवड्यांत तीन गोष्टी साधायच्या: गुडघा पूर्ण सरळ करणे, सूज घालवणे आणि मांडीचा पुढचा स्नायू जागा करणे. सूज असली की हा स्नायू मेंदूचा हुकूम ऐकेनासा होतो. म्हणून पाय सरळ ठेवून स्नायू पाच-सहा सेकंद आवळणे, असे दहा वेळा, दिवसातून अनेकदा. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा दहा मिनिटे तसाच खाली सोडावा. काही आठवड्यांनीही तो सरळ होत नसेल आणि पुढे काहीतरी अडकते असे वाटत असेल, तर ग्राफ्टपुढे तंतूंचा गोळा झाला असू शकतो. तो दुर्बिणीने काढतात. पुढे अर्ध्या बैठका, एका पायावरचा तोल, मग धावणे, शेवटी उडी आणि वळणे.

खेळात परतण्यासाठी नऊ महिन्यांची मर्यादा उगाच घातलेली नाही. २०१६ च्या एका अभ्यासात, नऊ महिन्यांपर्यंत परतणे जितके महिने लांबवले, तितक्या दर महिन्याला पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटत गेले. तरी कॅलेंडर पुरेसे नाही. दुखऱ्या पायाची ताकद आणि एका पायावर मारलेल्या उडीचे अंतर दुसऱ्या पायाच्या ९० टक्क्यांहून कमी असेल, तर थांबावे. त्यात दुसरा पायही बसून बसून कमजोर झालेला असतो, त्यामुळे हे ९० टक्के फसवे असू शकतात. दुखापतीपूर्वीची आकडेवारी असेल तर तिच्याशी तुलना करावी.

परतल्यावर धोका फक्त त्या गुडघ्याला नसतो, चांगल्या गुडघ्याचे एसीएल फाटण्याचीही शक्यता वाढलेली असते. एसीएलच्या बहुतेक दुखापती कोणाचा धक्का न लागता, उडीवरून उतरताना किंवा अचानक थांबताना होतात, म्हणून उतरायची पद्धत सुधारण्याला किंमत आहे. गुडघे आत न झुकवता, खुबा आणि गुडघा दोन्ही वाकवून मऊ उतरायचे. 'फिफा ११+' हा सुमारे २० मिनिटांचा वॉर्मअप याच तत्त्वावर बेतलेला आहे. तो आठवड्यातून निदान दोनदा करावा आणि हंगाम संपला तरी सोडू नये.