चॉक महाग असला की पकड वाढते का?

गेल्या पावसाळ्यात बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका पूल हॉलमध्ये, म्हणजे काठीने बॉल मारून टेबलाच्या पॉकेटांत घालण्याच्या खेळाच्या जागी, माझा पुतण्या मोठ्या उत्साहाने एक छोटी डबी घेऊन आला. डबीत क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, टोकाला लावायच्या चॉकची एकच वडी होती आणि तिला बाराशे रुपये पडले होते. "काका, ह्या चॉकने मिस-क्यू होतच नाही, आणि स्पिन तर डबल मिळतो," म्हणजे काठी बॉलवरून सटकत नाही आणि फिरकी दुप्पट मिळते, असे त्याने सांगताच शेजारच्या टेबलावरचे दोघे-तिघे खेळ थांबवून ती वडी हातात घेऊन पाहू लागले. हॉलमध्ये फुकट मिळणारा, मधोमध खड्डा पडलेला निळा चॉक आणि ही बाराशेची वडी यांत खरोखर फरक असतो का, आणि असला तर तो नेमका कशात असतो, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. मी अनेक वर्षे पदार्थविज्ञान शिकवले असून घर्षण हा माझा सर्वांत आवडता धडा आहे, त्यामुळे उत्तर थोडे सविस्तर द्यावेसे वाटते. फरक असतो, परंतु जाहिरात जिथे बोट दाखवते तिथे तो नसतो.

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्याकडची बहुतेक मुले पूलच्या टेबलापर्यंत कॅरमच्या बोर्डावरून पोहोचतात. कॅरमवर आपण बोरिक पावडर टाकतो ती सोंगट्या सरसर घसराव्यात म्हणून. त्यामुळे क्यूच्या टोकाला लावलेली भुकटीही काहीतरी गुळगुळीत करण्यासाठीच असावी, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तिचे काम याच्या अगदी उलट आहे. बेळगावच्या आखाड्यात उतरलेला पैलवान तळहाताला माती चोळतो ती हात निसटू नये म्हणून, आणि क्यूच्या टोकावरच्या चामडी टिपेला चॉक लावला जातो तोही याच हेतूने.

एक भुकटी घसरवते आणि दुसरी पकडते, याचे कारण कणांच्या कठीणपणात आणि आकारात आहे. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोझ मापनश्रेणीत शंखजिऱ्याला १, जिप्समला २ आणि कॅल्साइटला ३ हा क्रमांक आहे. बोरिक पावडरीप्रमाणेच शंखजिऱ्याचे कण पापुद्र्यांसारखे चपटे असतात आणि एकमेकांवरून सरकतात. शाळेतला खडू जिप्समचा किंवा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो; त्याचे कण दाबाखाली चुरडतात. पूलच्या चॉकमध्ये मात्र मुख्यतः सिलिका असते, जिचा क्रमांक ७ आहे, आणि तिच्या जोडीला कुरुंद म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड असते, ज्याचा क्रमांक ९ आहे. हे कण कोनदार असतात. आघाताच्या क्षणी त्यांची एक बाजू चामड्याच्या तंतूंत रुतलेली असते आणि दुसरी बाजू बॉलच्या फिनॉलिक रेझिनच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, पृष्ठभागाला अत्यंत सूक्ष्म प्रमाणात टोचते. थोडक्यात, आपण ज्याला चॉक म्हणतो तो खडू नाहीच. तो बारीक वाळूचा आणि धार लावणाऱ्याच्या चाकातल्या कुरुंदाचा, रंग व बंधकद्रव्य घालून दाबलेला गोळा आहे.

बेळगावकरांना हा कुरुंद परका वाटू नये. ज्या जांभ्या दगडावर आपली अर्धी घरे उभी आहेत, त्याच्याच नात्यातले बॉक्साइट शुद्ध करून ॲल्युमिना, म्हणजे हेच ॲल्युमिनियम ऑक्साइड, तयार करणारा कारखाना १९६९ पासून आपल्या शहरालगत आहे. जुनी माणसे त्याला अजूनही इंडाल म्हणतात. तिथली पांढरी भुकटी ज्या रसायनाची असते, त्याच रसायनाचे स्फटिक माणिक आणि नीलम या नावांनी सराफाकडे विकले जातात.

चॉकमध्ये हे मिश्रण आणले ते अमेरिकेतल्या विल्यम स्पिंक्स या बिलियर्ड्सपटूने आणि शिकागोच्या विल्यम हॉस्किन्स या रसायनतज्ज्ञाने. स्पिंक्सला फ्रान्समधून आलेला एक चॉकसारखा तुकडा फार आवडला होता; हॉस्किन्सने त्याचे पृथक्करण केले, तेव्हा तो सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीजवळचा पदार्थ निघाला. मग दोघांनी सिलिका आणि कुरुंद यांचे स्वतःचे मिश्रण बसवले आणि मार्च १८९७ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. पुढे याच हॉस्किन्सच्या सहकार्याने अल्बर्ट मार्श याने नायक्रोम शोधले, ज्याची तार आजही विजेच्या शेगडीच्या कॉइलमध्ये लाल होते.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. पांढऱ्या बॉलच्या बरोबर मध्यावर आघात केला, तर चॉकची फारशी गरजच पडत नाही, कारण क्यूची दिशा थेट बॉलच्या केंद्राकडे असते आणि टिपेला घसरण्याचे कारण नसते. फिरकी द्यायची असेल, तर मात्र मध्यापासून वर, खाली किंवा बाजूला मारावे लागते. अशा वेळी क्यूची दिशा आणि स्पर्शबिंदूपासून बॉलच्या केंद्राकडे जाणारी रेषा यांच्यात एक कोन तयार होतो. आघात मध्यापासून जितका दूर, तितका हा कोन मोठा. टिपेचा दाब दोन भागांत विभागला जातो: एक भाग केंद्राकडे ढकलतो आणि दुसरा पृष्ठभागाच्या लगत ओढतो. लगतच्या ओढीचे केंद्राकडच्या दाबाशी असलेले गुणोत्तर घर्षणांकाच्या, म्हणजे दोन पृष्ठभाग एकमेकांना किती धरतात ते सांगणाऱ्या आकड्याच्या, आत राहिले, तर टीप बॉलला घट्ट धरून ठेवते. ते गुणोत्तर घर्षणांकाच्या पुढे गेले की टीप सटकते, टक् असा पोकळ आवाज येतो आणि बॉल भलतीकडे जातो. यालाच मिस-क्यू म्हणतात. हा सगळा व्यवहार साधारण एका सेकंदाच्या हजाराव्या भागात उरकतो, म्हणून हाताने सावरायला वावच नसतो.

ज्यांना त्रिकोणमिती आठवत असेल, त्यांच्यासाठी हिशेब असा आहे. सटकण्याची सीमा जिथे येते, तिथे त्या कोनाचा टॅन घर्षणांकाइतका असतो आणि त्याच कोनाचा साइन म्हणजे मध्यापासूनचे अंतर भागिले बॉलची त्रिज्या. चामड्याला नीट चॉक लावलेला असताना घर्षणांक साधारण ०.६ असतो. त्यावरून कोन ३१ अंशांच्या आसपास येतो आणि अंतर त्रिज्येच्या जवळजवळ निम्मे भरते. पूलच्या बॉलचा व्यास ५७.१५ मिलिमीटर, म्हणजे त्रिज्या २८.६ मिलिमीटर असते. तेव्हा मध्यापासून सुमारे १४.७ मिलिमीटरपर्यंत मारता येते, त्यापुढे नाही. ही मर्यादा डोळ्यांनी पाहायची असेल, तर पट्ट्याचा बॉल पट्टा आडवा राहील असा ठेवावा. पट्ट्याची कड मध्यापासून साधारण अर्ध्या त्रिज्येवर असते, म्हणजे जवळपास तीच मिस-क्यूची सीमारेषा असते.

समजा, टीप गुळगुळीत झाली आणि घर्षणांक ०.३ वर आला. सीमा लगेच ८.२ मिलिमीटरवर येते, म्हणजे खेळायची जागा जवळजवळ अर्ध्याने आटते. चॉक न लावण्याचा तोटा इतका मोठा आहे. आता उलट बाजू पाहू. समजा, एखाद्या अतिशय उत्तम चॉकने घर्षणांक ०.६ वरून ०.७ वर नेला. कोन ३५ अंश होतो आणि सीमा १६.४ मिलिमीटरवर जाते. एवढ्या मोठ्या सुधारणेतून हाती लागतात ते पावणेदोन मिलिमीटर. ठरावीक वेगाने निघालेल्या बॉलची फिरकी या अंतराच्या सरळ प्रमाणात असते, त्यामुळे फिरकीतली वाढ फार तर १२ टक्के होईल, आणि तीही अचूक कडेवर मारू शकणाऱ्या हातालाच मिळेल. फिरकी दुप्पट करायची, तर मध्यापासून २९.४ मिलिमीटरवर मारावे लागेल. बॉलची त्रिज्याच २८.६ आहे, म्हणजे ती जागा बॉलच्या बाहेर हवेत आहे. हे गणित मी पुतण्याला हॉलच्या बिलाच्या पाठीमागे करून दाखवले, तेव्हा तो बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिला. अगदी काटेकोर हिशेबात आघाताच्या वेळी क्यूचे टोक किंचित बाजूलाही ढकलले जाते, परंतु त्याने निष्कर्ष बदलत नाही.

बिलियर्ड्सच्या या गणिताला मोठी परंपरा आहे. वादळांच्या फिरण्याशी ज्याचे नाव जोडले गेले, त्या कोरिऑलिसने १८३५ साली बिलियर्ड्सच्या गणितावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. मध्यापासून त्रिज्येच्या दोन पंचमांश उंचीवर आघात केला, तर बॉल जराही न घासटता पहिल्या क्षणापासून शुद्ध गडगडत जातो, हा निष्कर्ष त्याच गणितातला आहे. दोन पंचमांश म्हणजे ०.४, आणि आपली मिस-क्यूची सीमा ०.५ च्या आसपास. यावरून खेळाडू रोज किती अरुंद पट्टीत काम करतो, हे लक्षात येईल.

मग चॉकचा दर्जा महत्त्वाचा कुठे ठरतो? पहिली जागा म्हणजे टिपेची कड. टीप घुमटासारखी गोल असते. घुमटाची त्रिज्या १० मिलिमीटर धरली, तर सीमेवरच्या आघातात बॉलचा स्पर्श टिपेच्या मध्यापासून ५ मिलिमीटरवर होतो. तेरा मिलिमीटर व्यासाच्या टिपेची कड तिथून फक्त दीड मिलिमीटर दूर असते. म्हणजे सर्वाधिक पकड जिथे हवी, ती जागा अगदी काठावर आहे. हॉलमध्ये पाहावे, तर बहुतेक जण वडी टिपेवर धरून गिरमिटासारखी फिरवतात. चॉक मध्यावर घासला जातो, वडीत खड्डा पडतो, खड्ड्याच्या भिंती टिपेखालच्या फेरूलला, म्हणजे काठीच्या टोकावरच्या कड्याला, निळे करतात आणि नेमका काठ अनेकदा कोरडा राहतो. टीप डोळ्यांसमोर धरून उजेडात फिरवून पाहिली, तर हा तपकिरी, चकाकणारा काठ स्पष्ट दिसतो. वडी हलक्या हाताने कुंचल्यासारखी कडेकडेने फिरवावी. साधा चॉक असा लावला, तर तो निष्काळजीपणे लावलेल्या महागड्या चॉकपेक्षा निश्चित चांगले काम करतो.

दुसरी जागा म्हणजे टिकाऊपणा. पुतण्याने पाठ फिरवल्यावर मी कधी हॉलचा चॉक, कधी त्याचा चॉक नीट लावून क्यू त्याच्या हाती देत गेलो आणि कोणता आहे ते ओळखायला सांगितले. पहिल्या फटक्याला त्याला काहीच सांगता आले नाही. मध्ये पुन्हा चॉक न लावता तिसऱ्या-चौथ्या फटक्यापर्यंत गेलो, तेव्हा मात्र हॉलचा चॉक झडून टीप उघडी पडली होती आणि त्याचा चॉक अजून थराने बसलेला होता. बंधकद्रव्य चांगले असले आणि कण एकसारखे बारीक दळलेले असले, की थर पातळ, सलग आणि चिकटून राहतो. बाराशे रुपयांतला खरा मोबदला एवढाच आहे, आणि जो प्रत्येक फटक्याआधी चॉक लावतो त्याला तो जवळजवळ लागतच नाही.

तिसरी जागा अनेकांच्या लक्षात येत नाही. टिपेवरचा चॉक आघाताबरोबर पांढऱ्या बॉलवर ठिपका सोडतो. बॉल फिरत फिरत जातो आणि एखाद्या वेळी तो निळा ठिपका नेमका दोन बॉलांच्या मध्ये येतो. स्वच्छ बॉलांमधला घर्षणांक फार कमी, सुमारे ०.०६ असतो, मध्ये कुरुंदाचे कण आले की तो एकदम वाढतो, बॉल क्षणभर एकमेकांना चिकटल्यासारखे होतात आणि समोरचा बॉल ठरलेल्या रेषेवरून सरकतो. स्नूकरवाले याला किक म्हणतात. दिशेत केवळ एक अंशाचा फरक पडला, तरी दोन मीटरवर तो ३५ मिलिमीटर होतो, आणि पॉकेटच्या मध्यावर जाणारा बॉल ओठावर आपटून बाहेर येतो. गेल्या काही वर्षांत अनेक व्यावसायिक स्नूकरपटू फिनलंडच्या टाओम चॉककडे वळले ते अधिक फिरकीसाठी नसून किक कमी व्हावी म्हणून. माझ्या मते दर्जासाठी पैसे मोजण्याचे सर्वांत सयुक्तिक कारण हेच आहे, जरी ओल्या फडक्याने बॉल वरचेवर पुसल्यानेही बराचसा परिणाम साधतो.

आपल्या भागात यात पावसाचीही भर पडते. जून ते सप्टेंबर बेळगावात हवा इतकी दमट असते की टेबलाचे कापड ओलावा धरते आणि बॉल जड चालतात. मग खेळाडू जोर वाढवतो, ड्रॉसाठी, म्हणजे बॉल उलटा मागे आणण्यासाठी, अधिक खाली मारू लागतो, सीमेच्या जवळ जातो आणि टीप सटकली की दोष चॉकला देतो. याच दिवसांत हॉलमध्ये "हा चॉक लाभत नाही" अशी भाषा ऐकू येते. स्वतःची वडी कुणाला देऊ नये, दिली तर हातचा खेळ जातो, असे गंभीरपणे सांगणारे सुशिक्षित तरुण मी पाहिले आहेत. कुरुंदाच्या कणाला मालक कळत नाही, आणि अशा समजुतींमुळे कोरडा काठ तपासण्याची साधी सवय लागायची राहून जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. जाहिरातीतले "नॅनो" आणि "अंतराळ तंत्रज्ञान" हे शब्दही याच पठडीतले आहेत.

दर्जाचा एक प्रश्न मात्र खेळापलीकडचा आहे. अमेरिकेत १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय अभ्यासात काही ठरावीक चॉकमध्ये शिसे आढळले होते. ते रंगद्रव्यांतून आले असावे. त्यामुळे बिननावाची, झगमगीत रंगाची वडी घरी आणून लहान मुलांच्या हाती देऊ नये आणि खेळून झाल्यावर हात धुतल्याशिवाय समोसा खाऊ नये.

पुतण्याची डबी अजून माझ्या टेबलावर आहे. परवा आम्ही पांढरा बॉल पुसून स्वच्छ केला, टिपेला काठापर्यंत चॉक लावला आणि त्याला मध्यापासून थोडे खाली मारायला सांगितले. फटक्यानंतर बॉल लगेच हाताने अडवून उचलला, तर निळा ठिपका त्याने नेम धरलेल्या जागेपासून चांगला सहा-सात मिलिमीटर खाली उमटलेला होता.