चर्चवर समलिंगी लग्नांची सक्ती? कायदा उलटंच सांगतो

"समानतेचा कायदा आला की पाद्र्यांना समलिंगी लग्नं लावावीच लागतात" हा दावा वर्षानुवर्षं फिरतोय. इंग्लंड-वेल्सचा २०१३चा विवाह कायदा वाचला की तो टिकत नाही. धार्मिक विधीसाठी आधी पंथाच्या नियामक मंडळाची लेखी संमती लागते, मग बहुतेक पंथांना प्रार्थनास्थळाची वेगळी नोंदणीही. एवढं होऊनही एखादा धर्मगुरू नकार देऊ शकतो, त्याच्यावर भेदभावाचा दावा चालत नाही. चर्च ऑफ इंग्लंडला तर असं लग्न लावण्याची मुभाच नाही. गंमत म्हणजे, ही मुभा स्वतःसाठी मागणाऱ्यांत क्वेकर पंथाचे ख्रिस्तीच होते, तेही २००९पासून. गोंधळ होतो तो धार्मिक विधी आणि धंदा यांत. हॉटेलची खोली भाड्याने देणं हा विधी नव्हे. म्हणूनच समलिंगी जोडप्याला दुहेरी पलंगाची खोली नाकारणारे ख्रिस्ती मालक २०१३मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात हरले.