रीफॉर्म्युलेशन (पुरुषांचे जुने परफ्यूम)

रीफॉर्म्युलेशन म्हणजे परफ्यूमचे नाव आणि बाटली कायम ठेवून आतल्या मिश्रणात केलेला बदल. हा बदल जवळजवळ सगळ्याच जुन्या परफ्यूमच्या वाट्याला आला आहे, पण पुरुषांच्या परफ्यूममध्ये तो जास्त जाणवतो. ओकमॉस, नायट्रो मस्क (कस्तुरीसारख्या वासाची कृत्रिम द्रव्ये), बर्गामॉट हे लिंबूवर्गीय फळ, लवंगेतले युजेनॉल आणि चंदन यांवर विसाव्या शतकातले पुरुषांचे गाजलेले सेंट उभे होते, आणि नेमके हेच घटक पुढे बंधनात अडकले किंवा परवडेनासे झाले. कंपन्या असा बदल सहसा जाहीर करत नाहीत. या विषयातली खरी तक्रार तीच आहे.

सर्वांत मोठा फटका ओकमॉसचा. हे युरोपात ओकच्या सालीवर वाढणारे शैवाक आहे. आपल्या गोड्या मसाल्यातले दगडफूलही शैवाकच. मसाल्याचा डबा उघडल्यावर येणारा मातकट, ओलसर वास ज्याच्या नाकात बसला आहे त्याला ओकमॉस फार परके वाटणार नाही. १८८२ मध्ये उबिगाँ या फ्रेंच घराण्याने ‘फूझेर रॉयाल’ आणला, तेव्हापासून लव्हेंडर, कुमारिन (वाळल्या गवतासारखा गोडसर वास देणारे द्रव्य) आणि ओकमॉस या त्रिकुटाने दाढीच्या साबणापासून आफ्टरशेव्हपर्यंत ‘पुरुषी वास’ ठरवला. पाको राबान पूर ओम (१९७३), अझारो पूर ओम (१९७८), द्राकार न्वार (१९८२) ही वेगवेगळ्या कंपन्यांची, पण याच त्रिकुटावर उभी असलेली नावे.

ओकमॉसच्या अर्कात ॲट्रानॉल आणि क्लोरोॲट्रानॉल हे दोन घटक असतात. काहींच्या त्वचेला त्यांची तीव्र ॲलर्जी होते, आणि ती एकदा जडली की सहसा जन्मभर सुटत नाही. त्यामुळे इफ्रा या परफ्यूम उद्योगाच्याच आंतरराष्ट्रीय संघटनेने (स्थापना १९७३) परफ्यूममधल्या ओकमॉसला ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. युरोपीय संघाने २०१७ च्या नियमाने हे दोन घटक आणि लायरल हे कृत्रिम फुलगंधाचे द्रव्य बंद केले. ऑगस्ट २०२१ नंतर असा माल तिथल्या दुकानात ठेवताही येत नाही. मार्च २०२२ पासून लिलियल हे तसेच दुसरे द्रव्यही गेले. आता दोषी घटक काढून टाकलेला ओकमॉस वापरतात आणि जोडीला एव्हर्निलसारखे कृत्रिम द्रव्य घालतात. फवारा मारल्यावरची पहिली काही मिनिटे ओळखीची वाटतात. दोन तासांनी शर्टाच्या कॉलरला जो गडद, हिरवट तळ उरायचा, तो मात्र पातळ झालेला असतो.

इतर घटकांची कथा थोडक्यात. नायट्रो मस्कपैकी मस्क ॲम्ब्रेट आफ्टरशेव्हमध्ये सर्रास असे. ते लावून उन्हात गेल्यावर त्वचेवर चट्टे उठल्याच्या नोंदी झाल्या आणि १९९०च्या दशकात युरोपात त्यावर बंदी आली. बर्गामॉटच्या तेलातला बर्गाप्टेनही उन्हात त्रास देतो, म्हणून तो काढलेले तेल वापरतात. ही कारणे खरी आहेत. त्वचेचे दुखणे वासापेक्षा मोठे, याबद्दल वाद नाही. पण कायद्याच्या आड खर्चकपातही होते. ब्रँड एका समूहाकडून दुसऱ्याकडे गेला की स्वस्त कच्चा माल येतो आणि तीव्रता कमी केली जाते. २००८ मध्ये लोरेआलने इव्ह सँ लोराँचा सौंदर्यप्रसाधन विभाग घेतला. त्यानंतर ‘कुरोस’ (१९८१) मवाळ झाला असे त्याचे जुने चाहते सांगतात.

मुंबईत हा बदल दोन वाटांनी पोचला. पहिली वाट ओल्ड स्पाइसची. १९३८ मध्ये अमेरिकेतल्या शुल्टन कंपनीने आणलेला हा लवंग-दालचिनी-व्हॅनिलाचा वास गिरगाव-दादरच्या कित्येक घरांत वडिलांच्या दाढीचा वास म्हणूनच ओळखला जाई. १९९० मध्ये ब्रँड प्रॉक्टर अँड गँबलकडे गेला आणि अमेरिकेत काचेची बाटली जाऊन प्लॅस्टिकची आली. भारतात मात्र परवान्यावर गोव्यात बनणारा माल बराच काळ काचेच्या पांढऱ्या बाटलीतच मिळत राहिला. जुन्या शुल्टनच्या जवळचा वास म्हणून परदेशातले शौकीन तो मागवत. आपल्याकडे जो कोपऱ्यावरच्या दुकानात सहज मिळे, त्याची किंमत आधी त्यांना कळली.

दुसरी वाट ‘इंपोर्टेड’ची. १९९१ पूर्वी परदेशी सेंट आखातातून परतणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतून यायचा, नाहीतर मुसाफिरखाना आणि क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या दुकानांतून. ब्रुट, जोवन मस्क, वन मॅन शो ही तेव्हाची नावे. त्या बाटल्या आज शिल्लक असल्या तरी त्यावरून निवाडा करताना जपावे लागते. बाथरूमच्या कपाटात, मुंबईच्या उष्ण दमट हवेत वर्षानुवर्षे पडलेल्या परफ्यूमचे लिंबूवर्गीय वास आधी उडतात, आंबूस झाक येते आणि तळ जड वाटू लागतो. शिवाय बाजारात फर्स्ट कॉपी भरपूर. ‘वास बदलला’ या तक्रारीमागे रीफॉर्म्युलेशन, जुनाट बाटली आणि नकली माल या तिन्ही शक्यता असतात.

युरोपात विकायला बनलेला खोका असेल तर काळ ओळखण्याची सोपी खूण त्याच्या तळाशी सापडते. २००५ पासून तिथे २६ ॲलर्जीकारक द्रव्यांची नावे छापणे सक्तीचे झाले. तळाशी फक्त अल्कोहोल, पाणी आणि ‘परफ्यूम’ एवढेच असेल तर माल बहुधा त्याआधीचा. लिनालूल, लिमोनिन, कुमारिन अशी बारीक अक्षरातली लांब रांग असेल तर नंतरचा. बाटलीच्या बुडावरचा बॅच कोडही पाहावा.

मोहम्मद अली रोडवरचे अत्तरवालेही या बदलातून सुटलेले नाहीत. गुलाब, केवडा, हिना यांची पारंपरिक अत्तरे चंदनाच्या तेलात उतरवली जात. चंदन महागल्यावर त्या जागी लिक्विड पॅराफिन आणि डीओपी हे स्वस्त रासायनिक द्रव्य आले. दुकानदार काचेच्या कांडीने हाताच्या पाठीवर थेंब लावतो तेव्हा फुलाचा वास लगेच कळतो. बेस चंदनाचा आहे की नाही हे संध्याकाळपर्यंत कळत नाही. विचारले तर अनेक जण सरळ सांगतात आणि दोन्ही भाव वेगळे ठेवतात. मोठ्या ब्रँडांकडून तेवढा सरळपणाही मिळत नाही. खोक्यावर मिश्रणाचे वर्ष छापायला काहीच अडचण नसावी.

मूळ मिश्रणे जपण्याचे काम फ्रान्समध्ये व्हर्सायच्या ओस्मोथेक या गंधसंग्रहालयात १९९० पासून चालते. तिथे नमुने आर्गॉन वायूखाली, १२ अंश सेल्सियसला, अंधारात ठेवतात. मुंबईतही परफ्यूम बनवणारी जुनी घराणी आहेत, एस. एच. केळकर आणि कंपनी १९२२ पासूनची. इथल्या जुन्या मिश्रणांसाठी असाच खुला संग्रह उभा राहायला हवा. युरोपच्या २०२३ च्या नियमाने खोक्यावर नाव छापायच्या द्रव्यांची यादी ८० च्या पुढे गेली आहे. ती नव्या मालाला जुलै २०२६ अखेरपासून आणि आधीपासून बाजारात असलेल्या मालाला जुलै २०२८ अखेरपासून लागू होते. यादीत नाव येऊ नये म्हणून काही जुने परफ्यूम तोवर पुन्हा एकदा बदलले जाण्याची शक्यता आहे.