१९६९ची राष्ट्रपतीपदाची निवडणूक: दुसऱ्या पसंतीच्या मतांवर लागलेला निकाल

राष्ट्रपतीपदाच्या निवडणुकीत निकाल आधीच ठरलेला असतो असं आपण धरून चालतो, पण १९६९ला तसं अजिबात नव्हतं, आणि त्या लढतीत आपले सी. डी. देशमुख होते हे महाराष्ट्रातच फार कमी लोकांना माहितीये. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि मुंबई केंद्रशासित करायच्या निर्णयावरून १९५६ला नेहरूंच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडलेला माणूस, त्यांचं नाव या संदर्भात यायलाच हवं.

झालं असं की ३ मेला झाकीर हुसेन पदावर असतानाच गेले आणि उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. जुलैत बंगळूरला सिंडिकेटवाल्यांनी (काँग्रेसमधल्या जुन्या बड्या नेत्यांचा गट) पक्षाच्या संसदीय मंडळात नीलम संजीव रेड्डींचं नाव पास करून घेतलं, इंदिरा गांधींना जगजीवनराम हवे होते, यशवंतराव चव्हाणांनीही तिथे रेड्डींच्याच बाजूने मत दिलं. मग बाईंनी मोरारजींचं अर्थखातं काढून घेतलं, १९ जुलैला वटहुकूम काढून १४ बँका सरकारी केल्या, सही गिरींची, आणि दुसऱ्याच दिवशी गिरी राजीनामा देऊन अपक्ष लढायला मोकळे! तिकडे काँग्रेस अध्यक्ष निजलिंगप्पा जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाला भेटले, का तर त्यांचे उमेदवार देशमुख होते आणि त्यांच्या मतदारांची दुसरी पसंती रेड्डींना हवी होती. इंदिराबाईंना हेच निमित्त मिळालं. रेड्डींच्या अर्जावर स्वतः सही केलेली असूनही त्यांनी व्हिप (कोणाला मत द्यायचं याचा पक्षादेश) काढला नाही, विवेकाला स्मरून मत द्या म्हणाल्या.

रिंगणात १५ उमेदवार. २० ऑगस्टला मोजणीत गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९, आणि कोटा (जिंकायला लागणारी मतं) होता ४,१८,१६९, म्हणजे कोणीच पार नाही. बाकीचे एकेक करून बाद झाले, शेवटी देशमुखही, बाद झालेल्यांची मतं मतदारांनी दिलेल्या पुढच्या पसंतीच्या उमेदवाराला गेली, आणि त्या दुसऱ्या पसंतीत रेड्डींची मतं तब्बल ९१,८७९ने वाढली, गिरींची फक्त १८,५६२ने. सिंडिकेटचं गणित बरंचसं बरोबर होतं, पण गिरींना हवीच होती साडेसोळा हजारांच्या आसपास! फायनल ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७. राष्ट्रपतीपदासाठी दुसरी पसंती मोजायची वेळ त्यानंतर आजवर आलेली नाही.

नोव्हेंबरमध्ये काँग्रेस फुटली, आणि यावेळी चव्हाण इंदिराबाईंसोबत राहिले. निवडणुकीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं गेलं, खुद्द राष्ट्रपती गिरींनी तिथे साक्ष दिली, निवड कायम राहिली. पुढे १९७४ला कायदा बदलून १० सूचक, १० अनुमोदक आणि २,५०० रुपये डिपॉझिट आलं, कारण एकही मत न मिळणारे उमेदवार फार व्हायला लागले होते. आणि रेड्डी? ते १९७७ला बिनविरोध राष्ट्रपती झाले.