पुंगळ्या पावसाने तडकत नाहीत

मुंबईतल्या रायफलप्रेमींमध्ये एक समज वर्षानुवर्षं चालत आलाय की, पावसाळी दमट हवेने काडतुसाच्या पितळी पुंगळ्या (गोळी आणि दारू धरणाऱ्या नळ्या) तडकतात, म्हणून त्यांना पितळेचं पॉलिश चोळून लखलखीत ठेवावं. कृपया असं करू नका.

इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या लष्करी साठ्यातली काडतुसं पावसाळ्यात तडकायची, म्हणून दोष ऋतूवर गेला. खरा दोषी तबेल्यात होता. काडतुसं तिथे ठेवलेली असत आणि घोड्यांच्या मुतातला अमोनिया हवेत मिसळे. 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्ताच्या या पितळेत आकार देताना ताण उरतो, अमोनिया नेमका तिथेच चिरतो. 1921 साली हे उलगडलं. हलक्या आचेवर तापवून ताण घालवायचा, हा उपाय ठरला.

आता पॉलिशची बाटली उघडून पाहा. नाकाला झोंबतो तो अनेकदा अमोनियाच असतो! रिकाम्या पुंगळीला कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण पुरतो, मग ती आतून नीट वाळवायची. काळसरपणा राहिला तर राहू द्या. पुंगळीच्या मानेवरून, म्हणजे गोळी बसते त्या तोंडाकडच्या भागावरून, नख मात्र जरूर फिरवा. उभ्या चिरेत अडकलं, तर ती पुंगळी बाद. आणि हो, काडतूस पुन्हा भरायला परवाना लागतोच.